घरी ट्रान्झिस्टर-डायोड टेस्टर बनवताय? मग हे प्रश्न पडणारच

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक रिकामी खोली आहे. शनिवारी संध्याकाळी तिथे टेबल मांडून बसतो. कळव्याची, ऐरोलीची कॉलेजची मुलं येतात, एक-दोन जुने टीव्ही दुरुस्त करणारेही येतात. माझी नोकरी टीटीसी या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात गेली, त्यामुळे रीडिंगवर लगेच विश्वास न ठेवण्याची खोड जडली आहे. गेली काही वर्षं बहुतेक जण एकच वस्तू बनवायला येतात: तीन तारांत कुठलाही पार्ट अडकवा, पडद्यावर तो काय आहे ते दिसेल, असा टेस्टर. प्रश्नही तेच ते येतात. म्हणून एकदा लिहून ठेवतो.

काका, हा तर ऑनलाइन काही शे रुपयांत तयार मिळतो. बनवायचा कशाला?

दुरुस्तीसाठी हवा असेल तर सरळ विकत घ्या. त्यात कमीपणा नाही, माझ्याकडेही एक आहे.

त्या तयार टेस्टरांपैकी बहुतेकांचं मूळ मात्र एकच आहे. जर्मनीत मार्कस फ्रेयेक यांनी एव्हीआर जातीच्या मायक्रोकंट्रोलरवर (प्रोग्राम घालता येणाऱ्या छोट्या चिपवर) हा टेस्टर बनवून खुला केला आणि कार्ल-हाइन्झ क्यूबलर यांनी तो पुढे बराच वाढवला. आराखडा आणि प्रोग्राम दोन्ही सगळ्यांसाठी मोकळे आहेत, आणि बाजारातल्या नकला त्यावरच उभ्या आहेत. बनवण्याचा फायदा असा की टेस्टर ‘एचएफई ११०’ (एचएफई म्हणजे गेन, ट्रान्झिस्टर करंट किती पट करतो तो आकडा) म्हणाला तर तो आकडा कुठून आला हे तुम्हाला ठाऊक असतं, आणि तो कधी थापा मारतो हेही.

आत नेमकं चालतं काय?

ओहमचा नियम चालतो. बाकी सगळी चिकाटी.

तीन टेस्ट पॉइंट आहेत, त्यांना १, २, ३ म्हणू. प्रत्येक पॉइंट मायक्रोकंट्रोलरच्या तीन पिनांना जोडलेला असतो: एका पिनला थेट, दुसरीला ६८० ओहममधून आणि तिसरीला ४७० किलोओहममधून. थेट जोडलेली पिन एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाची) असते, म्हणजे ती व्होल्टेज मोजूही शकते. एटीमेगा या एव्हीआर चिपमध्ये पोर्ट सी च्या (पोर्ट म्हणजे पिनांचा गट) तीन पिना थेट जातात आणि पोर्ट बी च्या सहा पिना रेझिस्टरमधून जातात. नऊ पिना आणि सहा रेझिस्टर, मोजमापाचं सर्किट इथेच संपतं. बाकी डिस्प्ले आणि बॅटरी.

गंमत पिनांच्या वागण्यात आहे. प्रत्येक पिन तीनपैकी एक काम करते. पाच व्होल्ट देते, जमिनीला (ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला) टेकते, किंवा अबोला धरते. अबोला म्हणजे इनपुट, ना देणं ना घेणं. त्यामुळे प्रोग्रामला हवं तेव्हा कुठल्याही पॉइंटला भक्कम पाच व्होल्ट, मध्यम पाच व्होल्ट किंवा नुसता ओलावा लागेल इतपत पाच व्होल्ट देता येतात. शून्याचंही तसंच.

आता तीन पायांचा अनोळखी पार्ट अडकवला. एका पायाला जमीन, दुसऱ्याला ६८० मधून पाच व्होल्ट, तिसरा अजून बंद. करंट वाहतो का? नाही. मग तिसऱ्या पायाला पाच व्होल्टकडे ओढलं आणि दुसऱ्या पायाचं व्होल्टेज धाडकन खाली आलं: एनपीएन ट्रान्झिस्टर किंवा एन-चॅनल मॉस्फेट (मॉस्फेट म्हणजे व्होल्टेजने चालू होणारा ट्रान्झिस्टर). तिसऱ्याला जमिनीकडे ओढल्यावर चालू झाला: पीएनपी किंवा पी-चॅनल. तिसऱ्याला काहीच न करता आधीच वाहत होता: जेफेट, डिप्लीशन प्रकारचा (मुळातच चालू असणारा) फेट, किंवा साधा डायोड. तीन पायांच्या मांडण्या सहा. सहाही मांडण्या करून बघायच्या आणि जी जुळेल ती पकडायची. माणसाला मल्टीमीटर घेऊन पाच मिनिटं लागतात, चिप डोळ्याचं पातं लवायच्या आसपास उरकते.

६८० आणि ४७० किलोच का? माझ्याकडे १ किलो आणि १ मेग पडून आहेत.

चालतील, पण आधी गणित करा.

६८० ओहममधून सिलिकॉन डायोडला करंट किती जातो ते बघू. पाचातून ०.६५ वजा केले तर उरतात ४.३५ व्होल्ट. वाटेत ६८० ओहम आणि दोन पिनांचा आतला मिळून साधारण ४० ओहम. करंट सहा मिलीअँपिअर. थेट शॉर्ट झालं तरी सातच्या आत. या चिपची एक पिन कमाल ४० मिलीअँपिअर सोसते, म्हणजे काही जळत नाही. आणि सहा मिलीअँपिअरमध्ये एलईडी स्वच्छ पेटतो, छोट्या एससीआरलाही (गेटला इशारा मिळाला की चालू राहणाऱ्या स्विचला) जाग येते. १ किलो लावलात तर करंट चारवर येतो आणि कुरकुरे पार्ट हाताला लागत नाहीत.

४७० किलोमधून जातात जेमतेम नऊ मायक्रोअँपिअर. छोट्या ट्रान्झिस्टरच्या बेससाठी (त्याला चालू करणाऱ्या पायासाठी) तेवढे पुरेत. १ मेगवर ते अर्ध्याहून कमी होतात आणि दमट हवेतली गळती मोजमापात ढवळाढवळ करू लागते. पावसाचं पुढे येतंच आहे.

रेझिस्टर मेटल फिल्म एक टक्क्याचे घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लावण्याआधी प्रत्येक मोजा आणि मोजलेला आकडाच प्रोग्राममध्ये घाला. सगळा एचएफई या दोन किमतींच्या भागाकारावर उभा आहे. दोन्ही पाच टक्क्यांचे आणि उलट्या दिशांना चुकलेले निघाले तर उत्तर दहा टक्के तिथेच गेलं. चिपवर हजार रुपये घालून रेझिस्टर मुठीने उचलणारे मी बरेच पाहिलेत.

चिप कोणती घेऊ? आर्डुइनो नॅनो चालेल? ईएसपी३२ तर किती वेगवान आहे!

वेगाला इथे काही काम नाही.

ईएसपी३२ आणि एसटीएम३२ चे स्वस्त बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतात. पांढरा एलईडी तीन व्होल्टच्या आसपास खातो, आणि मॉस्फेटचा गेट चार व्होल्टपर्यंत मागू शकतो. ३.३ मध्ये ही वरात दारातच अडते. शिवाय ईएसपी३२ चा एडीसी दोन्ही टोकांना वाकडा आहे. जुना पाच व्होल्टचा एव्हीआर इथे शहाणा ठरतो. एटीमेगा ३२८पी घ्या: ३२ किलोबाइट फ्लॅश, १० बिटचा एडीसी आणि आत १.१ व्होल्टचा रेफरन्स. एटीमेगा ८ वरही होतं, पण त्याच्या ८ किलोबाइटमध्ये प्रोग्राम लवकरच कोंबावा लागतो.

नॅनो चालतो, फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तेरा नंबरच्या पिनला जो एलईडी असतो तो बहुतेक नॅनोंवर थेट त्याच पिनवर लटकलेला असतो, आणि तीच पिन आपल्या ४७० किलोवाल्यांपैकी एक. सोल्डरिंग गनने त्याचा रेझिस्टर उडवा. दोन, पोर्ट डी वर १६×२ डिस्प्ले लावायचा तर शून्य आणि एक नंबरच्या पिना सोडून द्या, त्या यूएसबीच्या आहेत. त्यापेक्षा छोटा आय-टू-सी ओलेड लावा, तो मोकळ्या असलेल्या ए४ आणि ए५ वर बसतो.

सुट्या चिपवर प्रोग्रामरने कोड घालत असाल तर सॉकेटमधला पार्ट आधी काढा. प्रोग्रामिंगच्या तीन पिना पोर्ट बी च्याच आहेत, म्हणजे आपले टेस्ट पॉइंट. एक मुलगा ‘चिप मेली’ म्हणून दोन चिपा बदलून आला होता. सॉकेटमध्ये ट्रान्झिस्टर तसाच बसलेला.

सामान ठाण्यात मिळेल की लॅमिंग्टन रोडलाच जावं लागेल?

स्टेशन परिसरातल्या दुकानांत रेझिस्टर, कॅपॅसिटर, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, पाच व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर मिळून जातात. सुटी चिप, झिफ सॉकेट (खटका दाबून पार्ट अडकवायचं), एक टक्क्याचे रेझिस्टर हवे असतील तर लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादरला गाडी बदलायची आणि ग्रँट रोडला उतरायचं. वाशीकडच्यांनी आधी कुर्ल्याला बदलायची. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. आणि दुकानदाराला पार्टचं नाव लिहूनच दाखवा. तोंडी ‘दोन हजार दोनशे बावीस’ सांगितलंत तर काय हातात पडेल सांगता येत नाही.

१एन४००७ डायोड माझा टेस्टर ०.७६ दाखवतो. मल्टीमीटर तर बराच कमी सांगतो.

हा माझा आवडता प्रश्न, कारण पहिला बोर्ड केला तेव्हा मीही इथेच दोन रात्री घालवल्या होत्या.

‘जमिनीला टेकलेली’ पिन खरं तर पुरती टेकलेली नसते. चिपच्या आत जमिनीच्या बाजूला साधारण १९ ओहम आणि पाच व्होल्टच्या बाजूला साधारण २२ ओहम असतात. सहा मिलीअँपिअर गुणिले १९ ओहम म्हणजे ०.११ व्होल्ट. डायोडचा कॅथोड (जमिनीकडचा पाय) तुम्ही शून्यावर धरून चाललात, तो बसलाय ०.११ वर. तो फरक डायोडच्या नावावर खपला.

उपाय सोपा. दोन्ही पायांचं व्होल्टेज मोजा आणि वजाबाकी करा. कॅथोडची पिन आउटपुट असली तरी तिचा एडीसी वाचता येतो. वजाबाकी केल्यावर डायोड ०.६५ च्या आसपास येतो. मल्टीमीटर तरीही थोडा कमी दाखवेल, कारण तो डायोड रेंजमध्ये साधारण एक मिलीअँपिअरच सोडतो आणि आपण सहा. इथे खोटं कुणीच बोलत नाही, दोघांनी वेगवेगळे प्रश्न विचारलेत.

एकच डायोड, माझ्याकडे ०.६५ आणि मित्राकडे ०.६९. दोघांचाही कोड एकच!

मित्र नॅनोला यूएसबीने वीज देतोय का? नॅनोवर यूएसबीच्या वाटेत एक शॉट्की डायोड असतो. त्यामुळे ‘पाच व्होल्ट’ प्रत्यक्षात ४.७ च्या आसपास असतात. एडीसीचा रेफरन्स हाच पुरवठा असतो आणि कोडमध्ये ठोकून ५.००० लिहिलेलं असतं. मग प्रत्येक व्होल्टेज सहा टक्के फुगतं. ७८०५ सुद्धा ४.८ ते ५.२ मध्ये कुठेही असू शकतो.

एडीसीला पुरवठ्याच्या मापाने चिपमधला १.१ व्होल्टचा रेफरन्स मोजायला सांगा. रीडिंग २४० आलं तर पुरवठा म्हणजे १.१ गुणिले १०२४ भागिले २४०, साधारण ४.६९. हा १.१ सुद्धा चिपागणिक १.० ते १.२ मध्ये असतो, म्हणून एकदा चांगल्या मल्टीमीटरने खरा पुरवठा मोजून आपल्या चिपचा आकडा काढा आणि इईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) ठेवा. रेफरन्स बदलल्यावर लगेच वाचू नका. एरेफ या रेफरन्सच्या पिनवर कॅपॅसिटर असतो, त्याला खाली यायला वेळ लागतो.

गंमत बघा, एचएफईला या सगळ्याचा काही फरक पडत नाही. तिथे व्होल्टेजला व्होल्टेजने भागतो, पुरवठा वर आणि खाली दोन्हीकडे असतो, कटून जातो. म्हणून तुमच्या मित्राचा डायोड चुकेल, ट्रान्झिस्टर बरोबर येईल.

एचएफई कसा काढायचा?

एनपीएन घेऊ. त्याचे तीन पाय: एमिटर, कलेक्टर आणि बेस. एमिटर जमिनीला, कलेक्टर ६८० मधून पाच व्होल्टला, बेस ४७० किलोमधून पाच व्होल्टला.

समजा बेसपाशी ०.७ व्होल्ट मिळाले. म्हणजे ४७० किलोवर ४.३ पडले आणि बेस करंट झाला ९.१५ मायक्रोअँपिअर. कलेक्टरपाशी ३.२ मिळाले, म्हणजे वर १.८ पडले. ते ६८० अधिक पिनचे २२ अशा ७०२ ओहमवर, म्हणून कलेक्टर करंट २.५६ मिलीअँपिअर. भागाकार २८०. बीसी५४७बी साठी डेटाशीट दोन मिलीअँपिअरला २०० ते ४५० म्हणतं, बसलं.

ही पद्धत साधारण ७०० च्या वर लंगडते. कलेक्टरचं व्होल्टेज तळाला टेकतं आणि सातपेक्षा जास्त मिलीअँपिअर मिळतच नाहीत. बीसी५४७सी तर ८०० पर्यंत असू शकतो. म्हणून दुसरी मांडणीही करतात: कलेक्टर थेट पाच व्होल्टला, एमिटर ६८० मधून जमिनीला, बेस पुन्हा ४७० किलोमधून. इथे एमिटर वर चढतो तसा बेस करंट आपोआप कमी होतो, त्यामुळे जास्त गेनवालेही मावतात. एमिटर करंट भागिले बेस करंट, वजा एक. दोन्ही पद्धतींनी काढा आणि मोठा आकडा दाखवा.

४७० किलोच्या पलीकडे बघताना पहिली एक-दोन रीडिंगं टाकून द्या. एडीसीच्या आत एक इवलासा कॅपॅसिटर असतो, इतक्या मोठ्या रेझिस्टरमधून तो भरायला वेळ लागतो. चिपच्या डेटाशीटमध्ये दहा किलोओहमपर्यंतचीच शिफारस आहे.

कलेक्टर कुठला, एमिटर कुठला हे त्याला कसं कळतं?

उलटा लावला तरी ट्रान्झिस्टर चालतो, फक्त रडतरडत. सरळ २८० देणारा उलट्यात जेमतेम आठ-दहा देतो. सहा मांडण्यांपैकी दोन जुळतात, जिचा गेन मोठा ती खरी.

आपल्याकडे हे फार कामाला येतं. बीसी५४७ चा सपाट भाग समोर धरला तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पीएन२२२२ चा नेमका उलटा: एमिटर, बेस, कलेक्टर. आणि पी२एन२२२२ए नावात एका अक्षराने वेगळा, पण पाय पुन्हा बीसी५४७ सारखे! सी१८१५ मध्ये तर बेस कडेला असतो. पाठांतर करणाऱ्यांना नमस्कार. मी सॉकेटमध्ये घालून बघतो.

जेफेटच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. त्यातले बरेच दोन्ही बाजूंनी सारखेच असतात, ड्रेन-सोर्स (करंट ज्यांतून वाहतो ते दोन पाय) ओळखायला टेस्टरकडे काही उरत नाही.

बाबांच्या पेटीत एसएल१०० आणि एसी१२८ सापडले. तपासू का?

आधी पेटी जपून ठेवा.

एसएल१०० आणि त्याचा पीएनपी भाऊ एसके१०० हे आपल्या देशातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळांचे जुने धारकरी. धातूची टोपी, टोपीला बारीक जीभ. जिभेशेजारचा पाय एमिटर, आणि कलेक्टर टोपीलाच जोडलेला. टेबलावरच्या पत्र्याला टोपी टेकली तर रीडिंग बिघडणारच.

एसी१२८ जर्मेनियमचा, पीएनपी. इथे टेस्टर हमखास फसतो. जर्मेनियम बेस उघडा असतानाही गळत असतो. समजा खरा गेन ८० आहे. बेसला दहा मायक्रोअँपिअर दिले की कलेक्टरला ०.८ मिलीअँपिअर. पण ०.३ मिलीअँपिअर आधीच गळतायत, एकूण १.१ झाले. टेस्टर म्हणेल ११०. गिटारचं फझ पेडल बनवणारी मुलं ‘११० चा मिळाला’ म्हणून नाचतात, तो असतो ऐंशीचाच. म्हणून बेस मोकळा ठेवून गळती आधी मोजा आणि ती वजा करा. तसंच पार्ट चिमटीत धरून बसू नका. दर दहा अंशांना जर्मेनियमची गळती साधारण दुप्पट होते. मे महिन्यात दुपारी मोजलेला आणि डिसेंबरात पहाटे मोजलेला एसी१२८ हे दोन वेगळे पार्ट समजा.

मॉस्फेट कधी कधी ‘चालूच’ दाखवतो, पुन्हा लावला की बरोबर दाखवतो.

गेटमध्ये आधीचा चार्ज अडकलाय. गेट म्हणजे कॅपॅसिटरच. प्रत्येक मांडणी बदलताना तिन्ही पॉइंट क्षणभर जमिनीला टेकवायला प्रोग्रामला सांगा.

मॉस्फेटमध्ये दोन आकडे बघण्यासारखे असतात. कितव्या व्होल्टला जागा होतो तो थ्रेशोल्ड, आणि गेटची कपॅसिटी. आयआरएफझेड४४एन चा थ्रेशोल्ड दोन ते चार, लॉजिक लेव्हलच्या आयआरएलझेड४४एन चा एक ते दोन. छाप सारखा दिसला तरी टेस्टर भेद सांगतो. गेटची कपॅसिटी नकली माल पकडायला उपयोगी: मोठ्या मॉस्फेटचं नाव आणि आत छोटा तुकडा असेल तर आकडा पडेल. डेटाशीटमधली कपॅसिटी सहसा ड्रेनवर २५ व्होल्ट असताना मोजलेली असते, आपल्याकडे ती जास्तच येणार. खात्रीच्या पार्टशी तुलना करा, डेटाशीटशी नको.

आयजीबीटीचा (मॉस्फेटसारख्या गेटच्या पॉवर ट्रान्झिस्टरचा) थ्रेशोल्ड बऱ्याचदा पाचाच्या पुढे असतो. तो इथे जागा होत नाही, म्हणून मेलाय असं समजू नका.

झेनर (ठरलेल्या व्होल्टेजला उलटा वाहणारा डायोड) ओळखत नाही?

पाचाच्या आतले ओळखतो. ३.३ चा झेनर दोन उलटसुलट जोडलेल्या डायोडसारखा दिसतो: एका बाजूने ०.७, दुसऱ्या बाजूने तीनच्या आसपास. ५.१ आणि त्यापुढचे साध्या डायोडसारखेच दिसतात, कारण आपल्याकडे तेवढं व्होल्टेजच नाही. मोठ्यांसाठी छोटा बूस्ट कन्व्हर्टर लावून तीसेक व्होल्ट करा, मोठ्या रेझिस्टरमधून झेनरला द्या, आणि १८० किलो व २० किलोच्या विभाजकाने दहावा भाग करून एडीसीला दाखवा. त्याला सॉकेट वेगळं ठेवा. तीस व्होल्ट चुकून टेस्ट पॉइंटवर आले तर चिपचे बारा वाजले.

बीटी१३६ ट्रायॅक (दोन्ही दिशांनी चालणारा एससीआरसारखा स्विच) नवाकोरा, तरी ‘काही नाही’ म्हणतो.

त्याच्या काही जातींना गेटमध्ये ३५ मिलीअँपिअरपर्यंत लागू शकतात, आपण देतो सहा. पंख्याच्या रेग्युलेटरमधल्या ट्रायॅकचं असंच होतं. एमसीआर१००-६ सारखे हलके एससीआर मात्र चटकन सापडतात.

आणखी कुठे फसतो?

टीआयपी१२२ सारख्या पॉवर डार्लिंग्टनमध्ये (एकात जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) बेस आणि एमिटरमध्ये आतच रेझिस्टर असतात. ४७० किलोचे नऊ मायक्रोअँपिअर तेच गिळून टाकतात, ट्रान्झिस्टरपर्यंत काही पोचत नाही. प्रोग्रामला ६८० मधून बेस ओढून बघायला शिकवलं नसेल तर तो हात झटकतो.

जुन्या डबा टीव्हीतला बीयू५०८डी याहून बेरकी. आत डँपर डायोड, शिवाय बेस-एमिटरमध्ये काही दहा ओहमचा रेझिस्टर. ६८० मधूनही बेसला ०.६ व्होल्ट मिळत नाहीत. टेस्टर एक रेझिस्टर आणि डायोड दाखवतो, आणि माणूस चांगला पार्ट भंगारात टाकतो.

७८०५ किंवा टीएल४३१ घालून बघू नका. तीन पाय असले तरी ते आयसी आहेत, टेस्टर काहीतरी ठोकून देतो.

सर्किटमध्ये लावलेलाच पार्ट तपासता येईल?

नाही. निदान दोन पाय सोडवा.

जून लागला की रीडिंग नाचायला लागतं. चिप खराब झाली का?

चिप नाही, बोर्ड घाणेरडा आहे. सोल्डर केल्यावर राहिलेला फ्लक्स ठाण्याच्या पावसाळी हवेत ओल धरतो. दोन डागांमध्ये चार-पाच मेगओहमची अदृश्य वाट तयार होते. ६८० ला ती जाणवत नाही, ४७० किलोच्या शेजारी ती सरळ वाटेकरी होते. मग रिकाम्या सॉकेटमध्येही टेस्टरला पार्ट दिसू लागतात. एकदा खाडीकाठच्या इमारतीतून एक गृहस्थ असाच बोर्ड घेऊन आले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, पंधरा मिनिटं घासलं, ड्रायरने वाळवलं, काम झालं. वाळल्यावर पारदर्शक लॅकरचा एक हात मारा, सॉकेट झाकून.

नाच लयीत असेल तर कारण वेगळं: घरातली ५० हर्ट्झची गुणगुण. मोजमापं २० मिलीसेकंदांवर पसरवून सरासरी घ्या, एक पूर्ण लाट आली की बेरीज-वजाबाकी होऊन जाते. मोबाईलच्या स्वस्त चार्जरवर टेस्टर चालवू नका, त्याची गळती हीच लाट आत आणते. ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी आणि ७८एल०५ उत्तम. फक्त चालू ठेवून विसरू नका, नाहीतर आपोआप बंद होणारं सर्किट लावा.

कॅपॅसिटरही मोजतो ना?

मोजतो, रेझिस्टरमधून भरायला लागणाऱ्या वेळावरून. पण आधी कॅपॅसिटर रिकामा करा. हे मी ओरडून सांगतो कारण मी एक चिप अशीच घालवली आहे. जुन्या पॉवर सप्लायचा मोठा कॅपॅसिटर, महिनाभर कपाटात पडून होता, रिकामाच असेल असं धरलं. सॉकेटमध्ये घातला, ‘टच्’ झालं, डिस्प्ले कोरा. टेस्ट पॉइंट थेट चिपच्या पिनला आहे, मध्ये काहीच नाही, हे मुलांना शिकवणारा मीच.

२३० व्होल्ट सरळ केले की कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट बसतात, ते माणसालाही पुरतात. दोनेक किलोओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर मगर क्लिपांना लावून ठेवा, त्याने रिकामा करा, मग मल्टीमीटरने बघा आणि मगच सॉकेट. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी उडवणं बंद. शिवाय टेस्टर बंद असताना तिन्ही पॉइंट आपसांत शॉर्ट ठेवणारा छोटा रिले लावता येतो. मी त्या दिवसानंतर लावला.

प्रोग्राम स्वतः लिहायचा असेल तर सुरुवात कुठून?

एकदम ट्रान्झिस्टरवर उडी नको. आधी एकच फंक्शन: ‘पॉइंट १ ला ६८० मधून वर ओढ, पॉइंट २ जमिनीला लाव, दोन्हीची व्होल्टेज सांग.’ त्यात रेझिस्टर घालून ओहमचा नियम जुळतो का बघा. जुळला की डायोड, दोन्ही दिशांनी. मग त्याच फंक्शनच्या सहा मांडण्या. मग तिसरा पाय. गेन सर्वांत शेवटी. खुला जर्मन प्रोग्राम जरूर वाचा, पण आपला डायोड बरोबर आल्यावर. आधी वाचलात तर उतरवून काढाल आणि ०.११ कुठे गेले ते कधीच कळणार नाही. डिप्लोमाच्या प्रोजेक्टमध्ये परीक्षक नेमकं तेच विचारतात.

शनिवारी येताना काय आणू?

बोर्ड, बॅटरी, आणि ज्यांचे आकडे तुम्हाला खात्रीने माहीत आहेत असे दोन-तीन पार्ट. बोर्ड डब्यात चिकटवून बंद करून आणू नका. मागच्या महिन्यात एकाने फेव्हिक्विकने झाकण लावून आणलं होतं, पूर्ण संध्याकाळ ते उघडण्यात गेली.